घरोघरी दिलेली मासवडी

दोन हजारनंतर कधीतरी आमच्या पुण्याच्या कंपनीत गिऱ्हाइकाची गरज ओळखायचं डिझाइन थिंकिंग नावाचं नवं तंत्र आलं. कंपनी मसाले विकायची आणि बाजाराचा अंदाज घेणं हे माझं काम. शिकवायला आलेला माणूस म्हणाला, गिऱ्हाईक काय बोलतं ते जरूर ऐका, पण धोरण ठरवताना ते काय करतं ते बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ताईची मासवडी आठवली आणि दिवसभर कशातच लक्ष लागेना.

नव्वदच्या दशकात ताई सासर सोडून निमगाव सावाला आमच्याकडे परत आली होती. नवरा हात उचलायचा. बाबा वाईट नव्हते, पण लोक काय म्हणतील याला फार भ्यायचे. ते म्हणाले, "सोताच्या पायावर उभी राहिलीस तर ऱ्हा. न्हाईतर सासरचं पावणं न्यायला आलं की मी आडवा येनार न्हाई."

ताईच्या हाताला चव होती. शिजवलेल्या बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळलेली तिची मासवडी कापताना कधी फुटत नसे. तीच विकायची असं तिनं ठरवलं. आधी गावाचं मत घ्यावं म्हणून घरोघरी ताटली भरून दिली. ताटल्या परत आल्या त्या कुणाकडून शेंगदाणे, कुणाकडून गूळ घेऊन. एकीनं तर अंडी पाठवली. "लई झाक झाली गं," असं जी ती म्हणाली. ताई आल्यापासून पहिल्यांदाच मोकळं हसली.

आलेलं भांडं आमच्याकडे कुणी रिकामं परत करत नाही. मासवडी खारट झाली असती तरी शेंगदाणे आलेच असते. ताईला हे ठाऊक नव्हतं असं नाही, ती त्याच गावात वाढलेली. पण तिला होकार हवा होता, आणि होकार द्यायला गावाचं काही जात नव्हतं.

स्टँडजवळ गाळा घेतला. त्याच बायका समोरून जात, हसत, चौकशी करत आणि पुढे निघत. मासवडी पाहुण्यासाठी घरात करायची वस्तू. विकतची वाढली तर घरच्या बाईची काय शोभा राहिली? पुढे आमच्याच भागात, अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेज झालं. मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या पोरांनी ताईचा गाळा सहज चालवला असता. पण तेव्हा ती पोरं पाळण्यात होती.

पाऊस संपता संपता सासरचे पावणे ताईला न्यायला आले. ताईनं उरलेलं बेसन आईच्या डब्यात ओतलं आणि ती निघाली. मला बाबांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

दिवाळीनंतर बाबा तिला भेटून आले. चपला काढता काढता आईला म्हणाले, "बरी हाय. म्या सोता इचारलं, काय तरास हाय का. न्हाई म्हनली."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कुनाम्होरं इचारलं तुमी?"

"जावई व्हते की समूर. सासू बी व्हती. त्यांनीच हाक मारून भायेर बोलावलं तिला."

आईनं थापलेली भाकरी पुन्हा गोळा केली आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली. त्या दिवशी आमच्याकडे कुणी जेवलं नाही.