दुसऱ्या दिवशीचं शेण

मी घर सोडलं त्या सकाळी आई गोठ्यातूनच फाट्यावर आली. हात धुतले होते, पण शेणाचा वास काही एका पाण्यात जात नाही. माझा नवा ड्रेस खराब होईल म्हणून तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले आणि कोपरानं मला एसटीत ढकललं. "चढ. जागा धर," एवढंच म्हणाली. वडिलांनी, आमच्या आबांनी, माझी पत्र्याची पेटी सीटखाली सरकवली आणि कंडक्टरला सांगितलं, "पावणं, पोरगी शिकायला कोल्हापूरला निघालीया. ध्यान ठेवा जरा." आमच्या घरातलं कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. कंडक्टरनं मान हलवली, घंटी मारली, आणि चंदगडच्या डोंगरातला आमचा फाटा मागं पडला.

त्याला चौदा वर्षं झाली. हे लिहितेय ते फाट्यावर उभ्या राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं चढून गेलेल्यांसाठीही.

हॉस्टेलवर मी पहिली खरेदी केली ती वासाच्या साबणाची. खोलीतल्या मुलींना घरी काय असतं विचारलं की कुणी दुकान म्हणे, कुणी नोकरी. मी म्हणे, शेती. म्हशी सांगत नसे. आज ते आठवलं की स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटते.

बी.ए. झाले, एम.ए. झाले. कॉलेजात तासावर शिकवायला लागले आणि पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय, प्राचीन चिनी आणि ग्रीक पुराणकथांतले वीर. गावात कुणालाच कळेना. चुलते म्हणाले, "चीनचं आणि ग्रीसचं आम्हांस्नी काय करायचंय? आपल्याकडं काय वीर कमी पडले?" खरं तर मलाही उत्तर येत नव्हतं. ग्रंथालयात एक जाड पुस्तक हाताला लागलं, त्यातून दुसरं, आणि मी त्यात अडकले. दोन्ही भाषा मला येत नाहीत. मी इंग्रजी अनुवादांतून वाचलं. हे मी प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. झाकून काय ठेवायचं?

सुट्टीत गेले की आई धार काढायची आणि मी दगडावर बसून तिला गोष्टी सांगायची. तिचं ऐकणं म्हणजे उलटतपासणीच. एकदा हेराक्लीसची गोष्ट सांगितली. हा ग्रीकांचा सगळ्यांत बलदंड वीर, देवाचा मुलगा. त्याला बारा कामं लावली होती, त्यातलं एक गोठ्याचं. राजाची हजारो जनावरं, आणि तीस वर्षं गोठा साफच केलेला नाही. हेराक्लीसनं एका दिवसात केला. हात लावला नाही. भिंत फोडली, दोन नद्या वळवून आत सोडल्या, सगळं शेण वाहून गेलं.

आईची धार थांबली. "सगळं?"

"सगळं."

"तीस वर्षाचं खत नदीला सोडलं आणि त्येला वीर म्हणत्यात?" मग पुन्हा धार सुरू करत म्हणाली, "बरं, एका दिवसात काढलं. दुसऱ्या दिवशी कुणी काढलं?"

मी हसले. पण एसटीत बसल्यावर हसू गेलं. एवढं वाचलं होतं, हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. जनावरं काही नदीबरोबर वाहून गेली नव्हती. दुसऱ्या सकाळी गोठ्यात शेण होतंच की.

त्या प्रश्नानं मला माझा दुसरा वीर नीट दिसला. चिन्यांचा यू. देशभर पूर आलेला. यूच्या बापानं नऊ वर्षं बांध घातले, ते फुटले. यूनं बांधांचा नाद सोडला आणि चर खणले, पाण्याला समुद्राची वाट दाखवली. तेरा वर्षं. एका जागी त्याचं वर्णन आहे, की सतत पाण्या-चिखलात राहून त्याच्या पोटऱ्यांवरचे केस गेले, नखं झिजली, तो लंगडत चालायला लागला. हे वाचून मी पुस्तक मिटलं. हे तर आबांचे पाय. आबांच्या पोटऱ्या भाताच्या चिखलानं अशाच गुळगुळीत झाल्यात. पावसाळाभर बोटांत चिखल्या होतात आणि ते टाचेवर चालतात. इतक्या लांबच्या पोथीतला वीर आमच्याच बांधावरचा निघाला.

माझ्या प्रबंधाचा पाचवा भाग त्यातून तयार झाला. ग्रीक वीर पराक्रम करून पुढच्या गावाला जातो, आणि कथा त्याच्याबरोबर जाते. चिनी वीर रान पेरण्याजोगं होईपर्यंत तिथंच राबतो. मला हेराक्लीसला कमी लेखायचं नव्हतं. भिंत फोडून नदी आत घ्यायला डोकं लागतं आणि छातीही. पण दुसऱ्या दिवसाची कथा कोण सांगतं, हे मला विचारायचं होतं. तो प्रश्न माझा नव्हता. म्हणून तळटीप दिली: ‘आई, तोंडी, गोठ्यात.’

माझ्या गाईड मॅडम काळजीनं म्हणाल्या, ती टीप काढ, परीक्षक हसतील. मी काढली नाही.

यूची आणखी एक गोष्ट आहे. तेरा वर्षांत तो तीनदा आपल्या दारावरून गेला आणि एकदाही आत गेला नाही. शेवटच्या वर्षी माझंही तेच झालं. काही जुनी पुस्तकं पणजीत होती, आणि तिलारी घाटातून गोव्याला उतरणारी गाडी आमच्याच फाट्यावरून जाते. पहिल्यांदा भाताची लावणी चालू होती. खिडकीतून वाकलेल्या पाठी दिसल्या, त्यातली आईची कुठली ते कळलं नाही. दुसऱ्यांदा गणपती होते. तिसऱ्यांदा आई स्वतःच फाट्यावर आली. खिडकीतून डबा दिला, तांदळाची भाकरी आणि ओल्या काजूची उसळ. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस खाली. तुझ्या त्या चिन्यावाणी झालंय तुझं. आता काम पुरं करूनच उतर."

मग व्हायवाचा दिवस. बाहेरगावच्या परीक्षकांनी अहवालात आधीच लिहिलं होतं, की पाचवा भाग काढून प्रबंध पुन्हा सादर करावा का, ते तोंडी परीक्षेत ठरवू. तसं ठरलं तर आणखी एक वर्ष, आणि तोंडाशी आलेली कायम नोकरी गेली. व्हायवा खुली असते, कुणालाही बसता येतं. आई-आबा पहाटेच्या गाडीनं येऊन शेवटच्या रांगेत बसले होते. आईनं इरकली नेसलेली.

परीक्षकांनी ते पान उघडलं आणि तळटीप मोठ्यानं वाचली. हॉलमध्ये हशा पिकला. हा संदर्भ कसा मानायचा, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "सर, ज्यांनी ही कथा रचली त्यांनी शेण लांबून बघितलं असावं. मी शेण काढलंय. त्यांना ती घाण दिसली, आम्हाला खत दिसतं. तुलना करायला दोन पुस्तकं लागतात, हे मी इथं शिकले. उभं राहायला तिसरी जागा लागते, ती मी घरून आणलीय." त्यानंतर वीस मिनिटं मी दोन्हीकडचे दाखले देत बोलले. साबणानं वास झाकत फिरणारी ती मुलगी त्या हॉलमध्ये कुठंच नव्हती.

परीक्षकांनी हॉलभर नजर फिरवली. मग त्यांनी विचारलं, त्या बाई आल्या आहेत का. आई उभी राहिली. त्यांनी तिला नीट, आदरानं विचारलं, की एवढा मोठा वीर, त्याचं काय चुकलं?

आई म्हणाली, "तुमच्याकडं जनावर हाय का, साहेब?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे. न्हाय कळायचं."

सगळ्यांत मोठ्यानं परीक्षकच हसले. पाचवा भाग राहिला. तळटीपही राहिली. आबांनी बाहेर येऊन शिपायालाच पेढे दिले आणि ते दिसेल त्याला सांगत सुटले, की पोरगी डॉक्टर झाली, पर सुई टोचणारी न्हवं.

आता मी कोल्हापूरला राहते, फ्लॅट आहे, नोकरी कायम आहे. लोक विचारतात, घर कुठलं? मी फाट्याचं नाव सांगते आणि म्हशींपासून सुरुवात करते.

यू चौथ्यांदा दारावरून गेला तेव्हा आत गेला का, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. मी गेले. निकालानंतरच्या शनिवारी फाट्यावर उतरले. रात्री गल्लीतले सगळे येऊन गेले, ओवाळून झालं, चुलत्यांनी चीनच्या वीराची गोष्ट दोनदा सांगायला लावली. सकाळी आईनं दारातून हाक मारली, "डॉक्टरीणबाई, उठा. पाटी घ्या."

दोन म्हशी, एक रेडी. चार पाट्या भरल्या. चारही खताच्या उकिरड्यावर नेऊन टाकल्या.