नानांच्या फोटोचं पाकीट

नानांनी मसाल्याचं पाकीट वर धरलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सई, निनाद, नाना म्हणजे माझे थोरले दीर, तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ. घरचा काळा मसाला आता ते विकणार होते. त्यासाठी शिरपूरच्या अंगणात पंगत बसली होती. सगळ्यांच्या पानात त्याच मसाल्याची शेवभाजी. माझ्या पानात भाकरी, दही, कांदा.

एक पाकीट माझ्या हातात आलं. पुढे फेटा बांधलेले नाना. खाली 'घरगुती, शुद्ध'. मागे वजन, आणि पुन्हा नाना. आत काय घातलंय ते कुठेच नाही.

"अक्का, यात शेंगदाणे आहेत का?" मी शेजारी बसलेल्या जाऊबाईंना हळूच विचारलं.

नानांनी ऐकलं. आमच्या घरात थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नाही. तीही बोलत नाही. म्हणून ते पंगतीला म्हणाले, "मास्तरीनबाईले सांगा, बठ्ठं गाव शेंगदाना खास. कोनलेच काही व्हत नही. इंग्रजी शिकेल मानूसलेच बाधस का?"

सगळं गाव शेंगदाणे खातं, मग मलाच कसे बाधतात, यावर पंगत हसली. वाढणारेही हसले.

"माय वो, घरनं गुपित शे ते," अक्का म्हणाल्या. "मी सूनले बी नही सांगेल. खाई ले, नखरा नको करू."

मी पदर सारखा केला आणि भाकरी मोडली. लग्न झाल्यापासून हेच करत आले.

नवी नवरी असताना मी याच अंगणात शेवभाजी खाल्ली होती. ओठ सुजले. घसा आवळला. श्वास आत जाईना. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं म्हणून वाचले. घरी आल्यावर ऐकलं, शिकेल बाई शे, नखरा करस. तेव्हा मी धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मुलांना सांगायची, कळलं नाही तर हात वर करा. सासरी माझा स्वतःचा हात पदराखालून बाहेर आला नाही.

खोटं कशाला लिहू? मला अक्कांचा हेवा वाटतो. त्या रश्शात भाकरी कुस्करतात, बोटं चाटतात, पुन्हा वाढून घेतात. यात काय आहे, असं त्यांना कधी विचारावं लागलं नाही. त्यांची केळीची बाग मला नको होती. ही बेफिकिरी हवी होती. प्रत्येक पंगतीत मी त्यांच्या बोटांकडे बघत बसले आणि आतून जळत राहिले.

आणि सई, तुझाही हेवा वाटला. माझा हा शेंगदाण्याचा त्रास तुझ्याही वाट्याला आला, याचं दुःख आहेच. पण त्या दिवशी तुमच्या तिकडच्या दुकानातून तू फोनवर मला बिस्किटांचा पुडा दाखवलास. मागे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, यात शेंगदाणे आहेत. तू वाचलंस आणि पुडा परत ठेवलास. कोणी हसलं नाही. तू निनादशी गप्पा मारत पुढे गेलीस. फोन ठेवल्यावर मी फडताळापुढे उभी राहिले. माझ्या प्रत्येक डब्यावर आतल्या जिन्नसाचं नाव असतं, तुम्हाला माहीत आहे. नातीच्या हेव्याने मला रडू आलं. अक्कांची जीभ मला कोणी देणार नव्हतं. पण तुझ्या पुड्यावरची ती ओळ कोणीतरी छापली होती. इथेही छापता येते.

पंगतीत नानांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. "लेकले दोन पाकीट धाडी दे म्हना. तठे बी कळू द्या आपली चव."

तठे. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात. घरचा मसाला म्हणून माझा लेक, तुझे बाबा, ते विश्वासाने फोडणार. तुझ्या ताटात घालणार.

मी पानावरून उठले. नानांसमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"नाना, यात शेंगदाणे आहेत की नाहीत?"

अक्कांचा घास हातातच राहिला. नानांनी तुळशीकडे बघत उत्तर दिलं, "सांगा तिले, गुपित शे."

"मी तुम्हाला विचारलं, नाना. माझ्या नातीचा घसा बंद होईल."

मी पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मागची बाजू वर, बोट वजनाखालच्या कोऱ्या जागेवर.

"इथे लिहा. तोवर हे माझ्या घरातून कुठेही जाणार नाही."

दिवाळीत तुम्ही याल. शिरपूरचं बोलावणं येईल. आपण जाऊ. पानात पडेल त्या प्रत्येक पदार्थाचं मी विचारीन, मोठ्याने, नानांकडे बघून. उत्तर मिळालं नाही तर तुम्हाला घेऊन पंगतीतून उठेन. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. मी दही-भाकरी खात गप्प बसणार नाही.

सई, तूही बसायचं नाहीस.