हैबतरावाची पाल

वरसे गावच्या हैबतराव आचाऱ्याच्या हाताला चव होती. जेवणावळीनंतर चार माणसं ओकली, तर कारणही त्याच्याकडे तयार असे: पाल पडली. तीस वर्षांत एकाही पातेल्यात पाल सापडली नव्हती. पण पुराव्यावाचून अडेल ते ज्ञान कसलं!

१९९४च्या मे महिन्यात गागोद्याला जगनच्या मुलीचं, मैनाचं लग्न होतं. आठवड्यापूर्वी विळीने कापलेला हैबतरावाचा अंगठा पिकून ठणकत होता. हळदीची चिंधी गुंडाळली की सगळं शुद्ध, ही त्याची खात्री. पहाटे त्याच हाताने त्याने उकडलेले बटाटे सोलले, कुस्करले आणि फडक्याखाली झाकून ठेवले. मुहूर्त लांबला. बटाटे मांडवाच्या उकाड्यात सहा तास निवांत पडून राहिले. मग फोडणी बसली, भाजी खमंग झाली.

पंगत उठून दोन तास झाले नाहीत, तोच वऱ्हाड ओकायला लागलं. नवरदेवाचे मामा बाबाजी मांडवाच्या खांबाला मिठी मारून बसले.

"पाल पडली असंल," हैबतराव म्हणाला.

जगनने पातेलं पालथं केलं. "कुठं हाय?"

"शिजून विरघळली."

"हाडांसकट? आचारी, उरलेली भाजी तू खाऊन दाखव."

इज्जतीचा सवाल होता. सगळ्यांसमोर त्याने दोन वाट्या भाजी चाटूनपुसून खाल्ली, मिशीवरून हात फिरवला. दिवस मावळायच्या आत तोही दवाखान्यात, बाबाजींच्या शेजारच्या खाटेवर.

सलाइन लावताना डॉक्टर निशिगंधाबाईंनी चिंधी सोडली. आतला पू पाहून त्यांनी नाक मुरडलं नाही, नुसतं विचारलं, "काका, याच हातांनी बटाटे कुस्करलेत?"

"व्हय. पण नंतर फोडणी कडकडीत दिली की!"

"फोडणीनं जंतू मरतात. त्यांनी सहा तासांत सोडलेलं विष मरत नाही. पालीला उगाच बदनाम करू नका."

बाबाजी पडल्या पडल्या म्हणाले, "म्हणजे आम्ही याचा अंगठा खाल्ला!"

हैबतरावाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तीस वर्षांतल्या ओकाऱ्या एकेक करून त्याला आठवू लागल्या.

सगळे बरे झाले. मैना दोन दिवस उशिरा सासरी गेली. पुढच्या हंगामात हैबतराव साबणाची वडी घेऊन कामाला जाऊ लागला. हात धुतल्याशिवाय कुणाला बटाट्याला शिवू देईना. शकू वाढपीण करवादली, "लय शिकला गो हा!"

"आमचा शोध हाय," हैबतराव गंभीरपणे म्हणाला.