कानीचा वाटा

केलिमुतु डोंगराच्या माथ्यावर तीन तळी आहेत, आणि पायथ्याच्या मोनी गावातलं मेलेलं माणूस त्यांतल्याच एकात जातं. म्हातारे एकात, करणी करणारे दुसऱ्यात आणि अकाली गेलेली तरणी पोरं तिसऱ्यात, त्या निळ्याशार पाण्यात. फिलोमेना वरच्या कड्यावर, पायऱ्यांपाशी, आल्याची कॉफी विकायची. पहाटे जगभरची माणसं गाड्या करून यायची, सूर्य उगवेपर्यंत फोटो काढायची आणि मग काकडत तिच्याभोवती जमायची. तिचं बसणं मात्र उलटं होतं. तरण्यांच्या तळ्याकडे तिची कायम पाठ असायची.

"इने, एवढं सुंदर पाणी सोडून तू गाड्यांची धूळ बघत बसतेस होय?" ड्रायव्हर चेष्टा करायचे. गावातली सगळी पोरं तिला इने, म्हणजे आईच म्हणायची.

"पाण्यानं तुझं पोट भरत असेल तर जा तिकडे. नाहीतर कॉफी घे आणि गप बस."

ती अशी पाठ फिरवून का बसते ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर चेष्टा तेवढ्यावरच थांबायची.

तिचा कानिसिउस, कानी, ह्याच डोंगरावर मोटारसायकलवरून पाहुणे फिरवायचा. पहाटे तळी, उन्हं वर आली की गावाखालचा धबधबा, आणि संध्याकाळी भाताच्या खाचरांमधलं ऊन पाण्याचं कुंड. धबधब्याखाली पाहुण्यांच्या आधी हाच कपड्यांसकट उडी मारायचा. कुंडात एकदा उतरला की अंधार पडला तरी बाहेर यायचा नाही. मग कुणीतरी त्याच्या कानात भरवलं की समुद्रापलीकडे पामच्या मळ्यांत चांगली कमाई आहे. कागदपत्रं नसलेल्या माणसांना नेणाऱ्या एका होडीत तो बसला. ती होडी उलटली. काही प्रेतं किनाऱ्याला लागली, त्यांत कानी नव्हता.

"नव्हता ना? मग झालं तर," फिलोमेना म्हणायची. ह्या एका वाक्यावर तिनं दोन वर्षं काढली. रोज सकाळी ती त्याचा नंबर लावायची, आणि नंबर बंद असल्याचं सांगणाऱ्या त्या बाईच्या आवाजावर मनातल्या मनात चिडायची.

ऑगस्टमध्ये गाव डोंगरावर जाऊन आपल्या मेलेल्यांना जेवू घालतं. यंदा त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा रोफिनुस चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"उद्या कानीचा वाटा ठेवू या," तो म्हणाला.

"जित्या पोराचा वाटा ठेवतोस? लाज नाही वाटत?"

"जिवंत असेल तर मूठभर भातानं त्याचं काय बिघडणार आहे? आणि नसेल तर दोन वर्षं उपाशी आहे तो, मेना. बाकीच्या पोरांना त्यांच्या घरचे हाक मारतात. ह्याला कुणी बोलावलेलंच नाही."

"एकदा तिकडचं जेवला की तो घरी यायचा नाही. तू ठेवून तर बघ. सगळ्या गावादेखत उचलून घेईन."

उजाडता उजाडता मागच्या परसातून डुकराची किंकाळी ऐकू आली. कानीच्या लग्नासाठी तिनं स्वतःच्या हातानं पोसलेलं डुक्कर होतं ते. नवऱ्यानं तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

वर डोंगरावर, मेलेल्यांना वाढायच्या दगडापाशी गर्दी झाली होती. गावच्या मानकऱ्यांनी आधी पूर्वजांना वाढलं, मग एकेक घर पुढे होऊ लागलं. जो तो आपल्या माणसाचं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, ये, जेव. रोफिनुसनं पान मांडलं. भात, मांस, काळजाचा तुकडा, बांबूच्या पेल्यात ताडी आणि कानी ओढायचा ती लवंगेची सिगारेट. मग त्यानं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण त्याला शब्दच फुटेना.

फिलोमेना माणसांना ढकलत पुढे आली आणि तिनं पान उचललं. दगडावर ठेवलेलं अन्न जिवंत माणसानं परत घ्यायचं नसतं, हे मोनीत शेंबड्या पोरालाही कळतं. बायका मागे सरकल्या. ती मात्र तिथंच उभ्या उभ्या खायला लागली. घासामागून घास, धड न चावता, कुणाकडेही न बघता. कुणीतरी तिला अडवायला पुढे झालं, तर म्हाताऱ्या मानकऱ्यानं हात आडवा धरला.

"खाऊ दे तिला," तो म्हणाला.

रोफिनुस तिच्या अगदी जवळ आला. रडून त्याचा आवाज बसला होता.

"मेना, त्याचं आहे गं ते. त्याला काहीतरी राहू दे."

तिचा हात थांबला. जन्मभर पोराला आधी वाढून मग स्वतः जेवलेली ही बाई, आज त्याच्याच तोंडचा घास हिसकावून खात होती. तो नाही हे तिला माहीत होतं. प्रेतं आली त्या दिवसापासून माहीत होतं. आपण तोंड फिरवून बसलो आणि पोर दोन वर्षं पाठीमागे उपाशी बसलं होतं.

पानात काळजाचा तुकडा आणि थोडा भात उरला होता. काळीज ती नेहमी त्याच्यासाठीच काढून ठेवायची. तिनं पान पुन्हा दगडावर ठेवलं, बोटांनी भात गोळा केला, वर तो तुकडा ठेवला. मग वळली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच खाली निळ्या पाण्याकडे बघितलं.

आणि कुंडातून तो बाहेर यायचा नाही तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून मारायची, तश्शी हाक तिनं मारली.

"कानी, पुरे झालं आता पाण्यात. ये रे, जेवायला ये."