अल्बममधलं आठवं गाणं

मे २००४ मधला शनिवार होता. गावच्या मंडपवाल्याकडून आणलेल्या जनरेटरचं दिवसाचं भाडं आठशे रुपये ठरलं होतं. धसईजवळच्या आमच्या बंद भातगिरणीत मी, माझा धाकटा भाऊ आणि कल्याणहून आलेले त्याच्या बँडमधले तीन ख्रिस्ती मित्र एवढेच होतो. मेटल संगीताच्या दणक्यात येशूची गाणी म्हणणाऱ्या या बँडचा तो पहिलाच अल्बम. ड्रम भावाकडे होते. सात गाणी रेकॉर्ड झाली होती. आठवं आजच व्हायला हवं होतं, कारण गाणारा मुलगा दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी दुबईला निघणार होता.

"देवाला एवढं ओरडून का सांगता रे?" मी विचारलं.

"गिरणी चालू असताना तू पण असाच बोलायचास, दादा," भाऊ म्हणाला. सगळे हसले.

संध्याकाळी मंडपवाला टेम्पो घेऊन आला. गावात वीज नव्हती आणि हळदीच्या घरचा जनरेटर बंद पडला होता.

"लग्नघर काळोखात नाय ठेवता येत. तुमीच सांगा, काय करू?"

नवरदेव माझ्या चुलतभावाचा मुलगा. नाही म्हटलं असतं तर भावकीत तोंड दाखवता आलं नसतं.  मी मंडपवाल्याला म्हणालो, "घेऊन जा."

अंधारात त्या गाणाऱ्या मुलाने ते आठवं गाणं माइकशिवाय पूर्ण म्हटलं. भावाने मांडीवर ठेका धरला. अल्बम सात गाण्यांचाच निघाला.

मंडपवाल्याने दोनशे कमी केले. त्याला सहाशे दिले, आणि नवरदेवाला आहेराचे एकशे एक.