एकट्या लांडग्याचं पान

आधीच सांगून टाकतो — अद्भुत अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हे. उलट असलं काही सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आलो. घरात कुणी 'अमक्याला तमकी दिसली' म्हणून सुरुवात केली की मी विचारायचो, "किती वाजता? किती अंतरावरून? चष्मा होता का डोळ्यांवर?" बायको म्हणायची, "तुम्हाला भूत भेटलं तरी तुम्ही आधी त्याची रजिस्टरवर सही घ्याल." खरं आहे ते. सगळी नोकरी मी ग्रंथपाल म्हणून केली आणि जे नोंदलेलं नाही ते झालेलं नाही, असा माझा खाक्या. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही… म्हणजे येईल, पण मी तो गिळेन.

गोष्ट सोलापूरची, एकोणीसशे तीसच्या नंतर दोन-तीन वर्षांतली. मी तिशीतला. लायब्ररी बाजारापासून हाकेच्या अंतरावर, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली गाठोडी उतरवणाऱ्यांचा आरडाओरडा आणि वर माझी 'शांतता राखा'ची पाटी! सकाळी वर्तमानपत्रांवर गर्दी पडायची — रात्रपाळी करून आलेले गिरणीकामगार, तेलुगू बोलणारे विणकर, एखाददुसरा वकील. दुपारी दोन ते चार मात्र कुणी फिरकत नसे. पत्र्याखाली बसून मी एकटाच भाजून निघायचो.

अशाच एका मंगळवारी दुपारी जिन्यावर जाड वहाणा करकरल्या. तांबडं मुंडासं, हातात काठी, खांद्यावर विकायला आणलेल्या घोंगड्यांची वळकटी — साठीचा एक धनगर दारात उभा.

"मास्तर, लांडग्याची पुस्तकं हायत का?"

"मेंबर आहात?"

"न्हाय."

"वाचता येतं?"

"न्हाय की."

"मग पुस्तक घेऊन करणार काय?"

"तुमी वाचा. मी आईकतो." एवढं बोलून त्यानं वळकटी खाली ठेवली आणि माझ्या टेबलासमोर फरशीवर बसला. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाला, "हितं गार हाय."

हा धुळामामा. मोहोळच्या अलीकडे माळावर त्याची मेंढरं बसलेली असायची. दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं तो बाजाराला येई. मी जरा वैतागूनच विचारलं की मेंढरं राखण्यात जन्म गेला तुमचा, लांडगा तुम्हाला पुस्तकातून कशाला कळायला हवा?

त्यानं वळकटी भिंतीकडे सरकवली. मग म्हणाला, "कळपातलं लांडगं मला म्हाईत हाय, मास्तर. कुटनं येतंय, कवा येतंय, समदं. एकटं सुटल्यालं न्हाय म्हाईत. ते दिसतं आन जातं. म्होरं कुटं जातं, कुणी बगितलंय?"

आणि मग हळूहळू खरं बाहेर आलं. त्याचा एकुलता एक मुलगा बिरा. चार यत्ता शिकलेला, मेंढरांमागे जाताना कमरेला पुस्तक खोचून जायचा. एका संध्याकाळी तो वाचत बसला आणि लांडग्यानं सात कोकरं मारली. धुळामामाचं डोकं फिरलं. चार पाहुण्यांसमोर त्यानं पोराला काठीनं मारलं. "वर आनि बोललो… मानसात ऱ्हायाच्या लायकीचा न्हाईस तू, लांडगंच हाईस." त्याच रात्री बिरा निघून गेला, त्याला आता आठ महिने झाले होते. सोलापुरातच कुठल्याशा गिरणीत लागला होता. संध्याकाळी तळ्याच्या बांधावर एकटाच बसतो, असं कळलं म्हणून धुळामामा तिथे जायचा. पण बाप दिसला रे दिसला की पोरगा उठून चालू लागायचा. दोनदा तर पळाला. आणि आता कुणीतरी सांगितलं होतं की तो मुंबईला जाऊन बोटीवर नोकरी धरणार आहे.

"बोट म्हंजे गेलंच की ते," धुळामामा म्हणाला. "त्येला पुस्तकांचा नाद लई. तवा म्हनलं, पुस्तकातच असंल कायतरी."

मी उठलो आणि कपाट उघडलं.

लांडग्या-कुत्र्यांवरची आमच्याकडे होती ती चारच पुस्तकं. एक शिकारी साहेबाचं इंग्रजी. एक मुलांचं, चित्रांचं. एक कादंबरी निघाली गाव सोडून एकटाच भटकणाऱ्या माणसाची. नावात लांडगा दिसला म्हणून मीच ती 'प्राणी' या कपाटात लावली होती. (कॅटलॉगमधली ही चूक मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केली, हेही नोंदवून ठेवतो.) आणि चौथं एक जाडजूड मराठी पुस्तक, कुणा हौशी डॉक्टरानं लिहिलेलं — पहिल्या भागात लांडगे, दुसऱ्या भागात बेवारशी कुत्री. एका वकिलांनी ते लायब्ररीला भेट दिलं होतं.

पहिल्या मंगळवारी कादंबरीची दोन प्रकरणं वाचली. धुळामामा म्हणाला, "मानसाचं हाय व्हय हे? असू द्या. त्येची आई हाय का अजून?" दुसऱ्या मंगळवारी जाड पुस्तक सुरू केलं. लांडग्याचे दात, पिल्लं, शिकारीची पद्धत. दर पाच मिनिटांनी तो मला थांबवायचा. "खोटं हाय ते. वाऱ्याच्या वरल्या अंगानं लांडगं येत न्हाय. खोडा ते." मी म्हणालो, छापील पुस्तकात खोडता येत नाही. तर म्हणे, "मग चूक हाय तशीच ऱ्हानार?" असा राग आला मला! पण खरं सांगायचं तर मंगळवारची दुपार मला आवडायला लागली होती.

तिसरा मंगळवार. तीनच्या सुमाराची वेळ, लख्ख ऊन, मी पूर्ण शुद्धीत. पुढचं पान उलटलं. डाव्या बाजूला, पानाच्या खालच्या निम्म्यात, एकट्या लांडग्याविषयीचा मजकूर होता. मी वाचलं —

'कळपातून हाकललेला लांडगा फार दूर जात नाही. आपल्यांचा आवाज ऐकू येईल इतक्याच अंतरावर तो राहतो. परंतु कळपाची नजर त्याच्यावर आहे तोवर तो जवळ येत नाही. कळपातील जुने जनावर त्याच्याकडे पाठ करून बसले, म्हणजे तो येतो.'

"पाट करून?" धुळामामानं विचारलं.

"हो. असं लिहिलंय इथे."

"पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचलं. तो उठला, वळकटी खांद्यावर टाकली. मी म्हणालो, "अहो, पुढचं ऐका तरी, परिच्छेद अर्धाच झालाय." पण जिन्यावर वहाणा वाजायलासुद्धा लागल्या होत्या. मी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

शनिवारी आमचे एक मेंबर आले, हायस्कुलातले शिक्षक. त्यांना कुत्र्यांवरचं काही हवं होतं म्हणून मी तेच पुस्तक दिलं. पाच मिनिटांत ते परत टेबलाशी.

"अहो, याची पुढची पानं फाडायचीच राहिलीत."

नव्या वाचकांसाठी सांगतो. त्या काळी जाड पुस्तकं पुष्कळदा कडा न कापताच यायची. पानं वरून आणि बाजूनं एकमेकांना जोडलेली. वाचणाऱ्यानं सुरीनं चिरत चिरत पुढे जायचं. आमच्याकडे ते काम माझंच. मी म्हणालो, "काहीतरीच काय, गेल्या मंगळवारी मी स्वतः वाचलीत ती."

"न उघडता वाचलीत? मग आम्हालाही शिकवा की ही विद्या!" शिक्षक हसले.

मी पुस्तक हातात घेतलं. शहाण्णव पानं फाडलेली, दुसऱ्या मंगळवारी आम्ही थांबलो होतो तिथपर्यंत. त्यापुढे सगळ्या घड्या बंद. कडेवर धूळ बसलेली… कुणाचं नखही लागलेलं नव्हतं. शिक्षकांना काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि सुरी घेऊन एकेक पान चिरत गेलो. लांडग्यांचा भाग शहाण्णव पानांतच संपत होता. पुढच्याच डाव्या पानावर, खालच्या निम्म्यात, बेवारशी कुत्र्यांची खरूज होती. गंधक आणि करंजेल कसं लावावं ते. पाठ करून बसण्याचं अवाक्षर नाही. उरलेली तिन्ही पुस्तकं काढली, रविवारी सुट्टी असून येऊन बसलो, शिकारी साहेबाचं इंग्रजी अक्षर न् अक्षर चाळलं. कुठेही नाही!

मला भुताची भीती वाटली नाही. भीती वाटली ती वेगळीच. एका बापानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. छापलंय म्हणून मी सांगितलं आणि तो उठून गेला. आता तो तिकडे पोराकडे पाठ करून बसेल, पोरगा त्या पाठीकडे बघून मुंबईची गाडी धरेल, आणि ते माझ्या शब्दावर! सोमवारी संध्याकाळी तळ्याच्या बांधावर दोन चकरा मारल्या. कुणी दिसलं नाही. मंगळवारी दोनपासून जिन्याकडे कान लावून बसलो. धुळामामा आला नाही. तो आठवडा माझा फार वाईट गेला. बायकोवर विनाकारण दोनदा ओरडलो, आणि जेवण जाईना.

त्यापुढच्या मंगळवारी वहाणा वाजल्या. दोन जोड!

धुळामामाच्या मागे पंचवीस-एक वर्षांचा उंच, वाळका माणूस होता. मला काही विचारावं लागलं नाही. म्हातारा फरशीवर बसता बसताच सांगू लागला. तीन दिवस तो बांधावर पाण्याकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसला होता. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या संध्याकाळी भाकरीचं फडकं सोडलं, तेव्हा मागे कुणीतरी येऊन बसल्याचं कळलं. "वळून बगावं वाटलं, मास्तर, लई वाटलं. पर न्हाय बगितलं. आर्दी भाकरी तशीच मागं धरली. धरल्याली ऱ्हायली, ऱ्हायली… मग हातातनं गेली." मग म्हातारा उठून स्टेशनकडे चालू लागला. मागून पावलं येत होती. मोहोळ येईस्तोवर त्यानं मान वळवली नाही.

मला गहिवरून आलं, सांगायला लाज कसली. म्हातारा वळकटी सोडायला गॅलरीत गेला. मला एक घोंगडं द्यायचं म्हणून हटून बसला होता. तेवढ्यात बिरा टेबलाशी आला.

"आबाला तुमी काय वाचून दावलंत? मला काय बी सांगंना त्यो. म्हनतो, पुस्तकातच बग."

माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही. हळू आवाजात म्हणालो, "जे वाचलं ते या पुस्तकात नाही. कसं ते मला विचारू नका. मी पान न् पान पाहिलंय."

त्यानं गॅलरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आबाला नका सांगू."

"नाही सांगत," मी म्हणालो.

आता राहिलं ते शेवटचं, आणि याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. आमच्या घरच्या डॉक्टरांना विचारलं, एका शास्त्रीबुवांना विचारलं. दोघांनीही आपापल्या परीनं मलाच वेड्यात काढलं. वाचकांपैकी कुणाला उमगलं तर संपादकांकडे जरूर कळवावं.

धुळामामा आत आला, घोंगडं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, त्ये पान काडा की. बिराला वाचू द्या."

मी घोंगडंच चाचपत राहिलो. बिरानंच पुस्तक ओढून घेतलं, पानं उलटली, एका ठिकाणी थांबला. मी त्याच्या खांद्यामागून पाहत होतो. डावं पान. खालचा निम्मा भाग. त्याचं बोट 'गंधक' या शब्दाखाली होतं. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी हा आता काहीतरी जुळवणार, असं मी धरून चाललो. मी जे वाचलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि जिथे थांबलो होतो त्यापुढचं तर मलाही ठाऊक नव्हतं. तो अडखळत, शाळेत वाचतात तसं एकेक अक्षर लावून वाचू लागला. आणि भाषा त्याची नव्हती, पुस्तक लिहिणाऱ्या त्या डॉक्टराची होती.

'परत आलेल्या जनावरास कळपातील कोणीही हुंगून पाहत नाही. इतके दिवस कोठे होतास, असे विचारण्याची त्यांची रीत नाही. ती फक्त थोडी सरकतात व त्याला निजण्यास जागा करून देतात.'

मी डोळे चोळले. बोटाखाली गंधकच होता.

धुळामामा खाली फरशीवर बसला होता. त्यानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी तरी कुटं इचारलं?"

बिराचं बोट पानावरून हललं नाही.

"न्हाय इचारलंस, आबा."