हाडाला हाड लागतं का?

सांधा हातात आला की माणूस बोलायला लागतो. खांदा आम्ही धरलेला असतो अन् तोंडातून सोयरीक, सून, भावकी सगळं बाहेर येतं. लातूरला सरांच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये नोकरीला लागले तेव्हापासून माझ्याकडे असे किस्से साचलेत. घरी जेवताना एक सांगायला घेतला की भाजी गार होते.

*

सरांचा नियम पक्का: आधी न दुखणारी बाजू तपासायची. चांगला सांधा किती हलतो हे हाताला कळलं, तरच दुखऱ्यात काय बिघडलंय ते समजतं. पेशंटला मात्र वाटतं, डॉक्टरचं ध्यानच नाही.

मुरुडच्या एका रिटायर्ड गुरुजींचा डावा गुडघा दुखायचा. सरांनी उजवा धरला. सांगायची भीड वाटून गुरुजी पुढच्या वेळी डाव्या गुडघ्याला पांढरा रुमाल बांधून आले. सरांनी तरी उजव्यालाच हात घातला! गुरुजींनी ताडलं, की हे लोक बिनरुमालाचाच गुडघा धरतात. मग तिसऱ्या वेळी त्यांनी रुमाल उजव्याला बांधला.

सरांनी शांतपणे तो सोडला, घडी घालून गुरुजींच्या हातात दिला आणि पुन्हा उजवाच गुडघा धरला. "गुरुजी, आता हा पण दुखायला लागला का?"

*

बिलोलीच्या एक मावशी लेकीकडे आल्या होत्या, त्यांचा खांदा आखडलेला. खांदा तपासायचा तर पेशंटनं हात एकदम सैल सोडावा लागतो, उचलायचं काम आमचं. पण मावशींचा हात माझ्याआधीच वर निघायचा. दहादा सांगितलं, मावशी, सोडा ना.

"अगं, लेकीच्या वयाची तू. तुला कशाला माझं वझं?"

सरांनी खूण केली, गप्पांत गुंतव. मी आपलं सुनेचं विचारलं. हात असा ताठला की लाकूड बरं! घाईघाईनं नातवाचं विचारलं, तर तोच हात माझ्या तळव्यावर अलगद येऊन पडला. सून आणि नातू खांद्यात नेमके कुठे बसतात, हे मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हापासून मी कुणाला सुनेचं विचारत नाही.

*

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते हालचालीच्या शेवटाचं. सर म्हणतात, सांधा जिथं थांबतो तिथं हाताला काय लागतं ते बघ. दबत दबत थांबला तर अजून जागा आहे. दगडासारखा एकदम अडला तर हाडाला हाड लागतंय. हे बघताना सर डोळे मिटून घेतात, म्हणून मीही मिटायचे. एका पेशंटनं काळजीनं विचारलं, "म्याडम, रात्री झोप झाली न्हाई का?"

*

जळकोटकडचे गंगाधरकाका शेतकरी माणूस. गुडघा दुखतो, मांडी घालता येत नाही म्हणून आले. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. घरचे म्हणत होते, कन्यादानाला खुर्ची ठेवू, आजकाल चालतं.

"लोकाचं चालत असंल. म्या खुर्चीत बसून लेक देणार न्हाई, सर," काका म्हणाले.

सरांनी दोन्ही गुडघे बघितले, ते बरे होते. मग काकांना उताणं निजवून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला, एक हात पलीकडच्या कमरेवर ठेवून उचललेला गुडघा हळूच खाली दाबला. आधी चांगली बाजू, मग दुखरी. दुखरीकडे गुडघा अर्ध्यातच थांबला. अडकला होता खुबा, अन् बोंब मारत होता गुडघा! सरांनी डोळे मिटले. काकांनी श्वास धरला, खरं सांगते, मीसुद्धा.

"हाडाला हाड लागत नाही," सर म्हणाले. "अजून वेळ आहे."

काकांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग महिनाभर ते न चुकता यायचे, आणि घरी काकू तसाच गुडघा दाबून द्यायच्या.

लग्नाला आम्ही गेलो. काका पाटावर मस्त मांडी घालून बसले होते. त्यांनी लेकीचा हात दिला तेव्हा माझे डोळे भरून आले. समोर नवरदेव बसलेले. पुण्याच्या कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसणारा पोरगा, मांडी जमेना, त्याचे गुडघे पार छातीशी आलेले, सारखी चुळबूळ चाललेली.

काका पाटावरूनच पुढं वाकले. मग हात पुढं करून त्यांनी जावयाचा आधी कमी अवघडलेला गुडघा दाबून बघितला, मग दुसरा. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. काकांनी डोळे मिटले होते.

डोळे उघडून त्यांनी मांडवात सरांना शोधलं.

"सर, हाडाला हाड लागत न्हाई. अजून येळ हाय."